सर्वोत्तम जोडीचा कप

माझा मेव्हणा डार्सी नित्शके आमच्या गावच्या पक्षीपालक मंडळाचा अठरा वर्षं अध्यक्ष आहे. ह्या अठरा वर्षांत त्याला कोणी निवडून दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दर मार्चच्या सभेत तो उभा राहतो, "आणखी कोणी इच्छुक?" असं विचारतो आणि कोणाला हात वर करायला सवड मिळायच्या आत खाली बसतो. त्या दिवशी तो खिशावर काकाकुव्याचा बिल्ला शिवलेला निळा कोट घालतो. तोच कोट घालून तो मंगळवारी खाटकाकडे चॉप्स आणायलाही जातो, कारण अध्यक्ष दिसला पाहिजे.

मी ग्वेन. त्याच्या बायकोची, व्हालमायची, थोरली बहीण. आमची घरं शेजारी शेजारी आहेत. मध्ये पत्र्याचं कुंपण आहे आणि त्या कुंपणात एक पत्रा निघालेला आहे, जो डार्सी "येत्या शनिवारी" ठोकणार होता. त्याला आता तीस वर्षं झाली. आम्ही बहिणी त्या फटीतून ये-जा करतो आणि त्याच फटीतून मी त्याचा संसार पाहत आले आहे. त्यामुळे मी जे सांगते ते ऐकीव नाही.

डार्सीच्या बापाची नदीकाठी संत्र्याची बाग होती. ती धाकट्या भावाने सांभाळली, कारण डार्सीला पहाटे उठणं मानवत नसे. डार्सी फळं भरायच्या कारखान्यात लागला आणि छत्तीस वर्षं खोक्यांवर शिक्के मारून निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी तो चाळीस मिनिटं बोलला. शिक्क्यांबद्दल. त्याला ठाऊक नाही असा विषय जगात नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्याने दवाखान्यात येऊन श्वास कसा घ्यायचा हे मला समजावून सांगितलं होतं. मी हातातला पेला त्याच्या दिशेने भिरकावला. नेम चुकला, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरातला पहिला पक्षी मात्र त्याचा नव्हता, व्हालमायचा होता. बावीस वर्षांपूर्वी वादळात नदीवरचा एक जुना निलगिरी कोसळला. त्याच्या ढोलीत डोळेही न उघडलेलं काकाकुव्याचं एक पिल्लू जिवंत सापडलं. व्हालमायने रीतसर परवाना काढला, पिल्लाला बिस्किटांच्या डब्यात चुलीशेजारी ठेवलं आणि दिवसरात्र दर दोन तासांनी कोमट लापशी भरवून जगवलं. तीच टूट्सी. गुलाबी छाती, पांढरे पंख, लाल-पिवळा तुरा. स्वयंपाकघरात व्हालमायच्या पायांत पायांत चालायची. व्हालमायला मूलबाळ नाही. ह्यापुढे त्यावर मी काही बोलत नाही.

डार्सीने सोळा वर्षं त्या पक्ष्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मग एका ऑक्टोबरात मंडळाच्या प्रदर्शनात ऑस्कर लिंडनरच्या जोडीला 'सर्वोत्तम जोडी'चा कप मिळाला. लिंडनर म्हणजे डार्सीचा जिगरी दोस्त, पुढच्याच गावचा. दोस्ताच्या शेल्फावर तो कप बघून आमच्या अध्यक्षांच्या पोटात दुखायला लागलं. महिन्याभरात त्याने टूट्सीसाठी त्याच जातीचा नर आणला आणि त्याचं नाव बॅरन ठेवलं. मागच्या अंगणात दोघांसाठी मोठं जाळीघर बांधलं गेलं. बांधलं म्हणजे व्हालमायच्या भाच्यांनी, माझ्या पोरांनी बांधलं. डार्सी खुर्ची टाकून सूचना देत होता.

बॅरन देखणा होता, हे मला मान्य करावंच लागेल. पण डार्सीने त्याला जे डोक्यावर चढवून ठेवलं, त्याला तोड नाही. रोज सकाळी सात वाजता हा माणूस झोपायच्या झग्यातच लापशीचा वाडगा घेऊन जाळीघरात शिरायचा. एक चमचा स्वतःला, एक बॅरनला. चमचा एकच. मग अर्धा तास त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून हात फिरवायचा. पक्षी पंख सैल सोडून थरथरायला लागायचा, घशातल्या घशात कुरकुर करायचा.

"बघ वॅल, कसा विरघळतो माझ्या हातात!" डार्सी बायकोला हाक मारून सांगायचा.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्या बहिणीच्या पाठीवरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही, आणि त्या फटीतून मी बरंच काही पाहिलं आहे.

डार्सी वाडगा घेऊन बाहेर पडला, की जाळीघरात काय व्हायचं ते मात्र तो पाहत नसे. ऑगस्ट लागला, विणीचे दिवस जवळ आले, की बॅरन तुरा उभारून, पंख अर्धे पसरून टूट्सीच्या मागे लागायचा. ती दांडीच्या टोकाला सरकली की हा टोकाला. ती जाळीला लटकली की हा खालून तिचे पाय धरायचा. दर वर्षी हे वाढत गेलं. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी व्हालमाय फटीतून धावत आली. तिच्या एप्रनमध्ये टूट्सी होती आणि टूट्सीच्या उजव्या पायाचं एक बोट नव्हतं.

"लाडात आलाय तो," डार्सी मागून ओरडला. "प्रियाराधन म्हणतात त्याला! ग्वेन, तू कोंबड्या पाळ, तुला नाही कळायचं."

"माझ्या कोंबड्याने असला लाड केला ना, तर रविवारी तो बटाट्यांबरोबर ओव्हनमध्ये असतो," मी म्हणाले.

आम्ही बेरी गावी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉ. एलेनी स्टाव्रू वयाने लहान, पण पक्ष्यांतलं कळतं तिला. डार्सीही आला, कोट घालून. आपल्यावाचून हे काम होणार नाही असं त्याला वाटलं असावं. डॉक्टरने पायाला पट्टी बांधली आणि त्याला विचारलं, "नराच्या पाठीवरून हात फिरवता का तुम्ही?"

"रोज. अर्धा तास."

"भरवताही?"

"एकाच चमच्याने," डार्सी अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरने हातमोजे काढले. "मिस्टर नित्शके, पोपटाच्या जातीत पाठीवरून हात फक्त जोडीदार फिरवतो आणि घासही तोच भरवतो. त्याच्या हिशेबाने त्याची बायको तुम्ही आहात. ही बिचारी म्हणजे घरात घुसलेली सवत. तुम्ही त्याला पेटवता आणि निघून जाता. मग तो हिच्यावर तुटून पडतो."

शहाण्या माणसाला हे ऐकून कुठे तोंड लपवू असं झालं असतं. डार्सी खुर्चीत आणखी ताठ बसला. "मला तशी शंका होतीच," तो म्हणाला. चक्क खूश झाला होता तो!

डॉक्टरने मग एकेक गोष्ट सांगितली. विणीचे महिने संपेपर्यंत दोघांना वेगवेगळं ठेवा. नर आधी माजावर येतो, मादी मागून, आणि मधले ते काही आठवडे मादीच्या जिवावर बेततात. घरट्याचा खोका काढून टाका. भिजवलेला मका आणि सूर्यफुलाच्या बिया बंद करा, त्याने ते आणखी तापतात. संध्याकाळी लवकर अंधार करा. हात फिरवायचाच असेल तर फक्त डोक्यावरून. आणि कधी नाइलाजाने एकत्र ठेवावंच लागलं, तर नराच्या एका पंखाची उडायची पाचसहा लांब पिसं कापा, म्हणजे तो मागे लागला तर मादीला निसटता येईल.

"लिहून देऊ का?" तिने विचारलं.

"गरज नाही. मी ह्या विषयावर व्याख्यानं देतो," डार्सी म्हणाला.

ह्यातलं त्याने काय केलं? खोका तसाच ठेवला, कारण खोक्याने म्हणे जोडीत ओढ राहते. मका तसाच, कारण मक्याने पिसांना तकाकी येते. जाळीघरात दिवा लावून ठेवला, कारण रात्रीच्या बातम्या संपेपर्यंत त्याला खिडकीतून बॅरनचं रूप पाहायचं असे. सकाळचा चमचा तसाच आणि पाठीवरचा हातही तसाच. बॅरनच्या बायकोचा मान मिळालाय म्हटल्यावर सोडतो कशाला!

व्हालमाय दिवसभर टूट्सीला आत घेऊन यायची. संध्याकाळी डार्सी तिला उचलून परत बाहेर ठेवायचा. एका संध्याकाळी त्यांचं भांडण मी ऐकलं.

"दहा आठवडे वेगळी राहिली तर काय बिघडतं?" व्हालमाय विचारत होती.

"प्रदर्शन ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. परीक्षकासमोर एका पिंजऱ्यात शेजारी बसलेली पाहिजेत. वेगळी ठेवली तर परीक्षकाला लगेच कळतं."

"मग बॅरनची पिसं काप. डॉक्टर म्हणाली ना?"

"अगं, नराच्या पंखाला दहा गुण असतात! परीक्षक तो उघडून मोजतो. तुला नियम माहीत नाहीत."

नियम तिला कसे माहीत असणार? ते डार्सीनेच लिहिले आहेत. मादीला आमच्या मंडळात गुण आहेत ते 'शांत बसण्या'ला.

व्हालमाय आत निघून गेली. ती अशीच आहे. शाळेच्या उपाहारगृहात तिने तीस वर्षं दोनशे पोरांना शिस्तीत रांगेत उभं केलं, पण घरात आली की तिच्या तोंडाला कुलूप. ह्याबद्दल मी तिला कमी बोललेले नाही. मलाही त्या दिवशी फटीतून आत जाऊन टूट्सीला सरळ उचलून आणता आलं असतं. मी आणलं नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं मला नेमकं त्याच दिवशी वाटलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हालमायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मी तिला गाडीने ॲडलेडला घेऊन गेले. दोन रात्री राहायचं होतं. निघताना तिने डार्सीला दोनदा बजावलं, "टूट्सीला स्वयंपाकघरातच ठेव."

"सगळी व्यवस्था करतो. तू डोळ्याची काळजी घे," तो म्हणाला. मला क्षणभर तो माणूस वाटला होता.

आम्ही परत आलो तेव्हा दुपार होती. व्हालमायच्या एका डोळ्यावर पट्टी होती, तरी ती गाडीतून उतरून आधी जाळीघराकडे गेली. टूट्सी खाली, कोपऱ्यात, जाळीला चिकटून होती. वरची चोच मधोमध चिरडलेली होती आणि छातीवरचा गुलाबी रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. बॅरन वरच्या दांडीवर शीळ घालत होता. व्हालमायने तिला उचललं तेव्हा तिचा डावा पंख उघडला. उडायची सगळी लांब पिसं कात्रीने सरळ रेषेत कापलेली होती.

डार्सी हातात चहाचा मग घेऊन बाहेर आला.

"हे कोणी कापलं?" व्हालमायने विचारलं.

"मी. डॉक्टरने सांगितलं होतं ना, एकाची कापा म्हणून?"

"नराची, डार्सी. नराची सांगितली होती. तिला पळता यावं म्हणून."

"मादीचा पंख परीक्षक उघडत नाही आणि मिटलेल्या पंखात कापलेलं दिसत नाही," तो म्हणाला. "मी सगळा विचार करूनच केलं."

हा त्याचा विचार. त्याने मारणाऱ्याचे पंख शाबूत ठेवले, पळणारीचे कापले आणि दोघांना एका जाळीत कोंडून चहा ठेवायला गेला. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले. पण मूर्खपणाला इतका स्वच्छ, इस्त्री केलेला कोट मी दुसऱ्या कोणाच्या अंगावर पाहिलेला नाही.

डॉ. स्टाव्रूने दोन तास खपून टूट्सीला वाचवलं. चोच तारेने बांधली, पण ती पूर्वीसारखी होणार नाही असं तिने सांगितलं. ह्यापुढे दाणा फोडता येणार नाही. निदान काही महिने दर दोन तासांनी हाताने भरवावं लागेल. आणि तो नर पुन्हा हिच्या जवळपासही दिसता कामा नये.

त्या संध्याकाळी व्हालमाय स्वयंपाकघरात उभी होती. मी दारात होते. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "डार्सी, बॅरनला ह्या घरातून दे. लिंडनरला दे, कोणालाही दे. नाहीतर मी जाते."

डार्सीने विचार केला. मी त्याचा चेहरा पाहत होते. तो खरोखरच विचार करत होता.

"प्रदर्शन होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग बघू."

व्हालमायने एक पिशवी भरली, टूट्सीचा लहान पिंजरा उचलला आणि फटीतून माझ्याकडे आली. रडलीबिडली नाही. मीच रडले, तेही रागाने.

तीन आठवडे ती माझ्याकडे होती. दर दोन तासांनी कोमट लापशी, लहान चमच्याने, तुटक्या चोचीच्या कडेने. पहिले चार दिवस टूट्सी ती ओकून टाकायची. पाचव्या दिवशी तिने चमचा पायाने धरला. त्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या नवऱ्याची जपून ठेवलेली शेरी काढली. तो जाऊन नऊ वर्षं झाली, त्याची काही तक्रार नव्हती.

डार्सी ह्या तीन आठवड्यांत एकदाच कुंपणापाशी आला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, पक्ष्याची चौकशी करायला आला असेल.

"वॅल, उद्या येणार आहेस ना?" तो म्हणाला. "बक्षिसं अध्यक्षाच्या बायकोने द्यायची असतात. लोक विचारतील."

"येईन," व्हालमाय म्हणाली.

"ती माझी निळ्या पट्ट्यांची टाय कुठे ठेवलीस?"

"दुसऱ्या खणात."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. "अगं, तू जाणार? त्याच्यासाठी?"

"केक द्यायचे कबूल केलेत मी," ती म्हणाली. त्या रात्री तिने चार डझन लॅमिंग्टन केले.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये दोनशे माणसं आणि त्याहून जास्त पक्षी होते. भरवण्याची वेळ चुकवता येत नव्हती, म्हणून टूट्सी आमच्याबरोबरच होती. पिंजरा चहाच्या टेबलाखाली, वरून टॉवेल. मी किटली सांभाळत होते. जोड्यांच्या रांगेत तिसऱ्या पिंजऱ्यात मला बॅरन दिसला आणि त्याच्या शेजारी मधल्या लाकडी फळीपलीकडे एक अनोळखी मादी. परीक्षक जवळ आला तेवढ्यापुरती डार्सीने फळी काढली आणि तो पुढे सरकताच परत घातली. ती मादी लिंडनरची होती. उसनी. अर्ज ऑगस्टमध्येच भरून झाला होता आणि तो माघारी घ्यायची लाज अध्यक्षांना वाटली. उसनी बायको आणायची लाज त्यांना वाटली नाही.

तीन वाजता व्हालमाय स्टेजवर गेली. तिच्या अंगावर राखी रंगाचा साधा ड्रेस होता आणि डोळ्यावरची पट्टी निघाली होती. फिंच, कोकाटील, बजरीगार सगळ्यांची बक्षिसं तिने हसून दिली. शेवटी ॲडलेडहून आलेल्या परीक्षकाने कागद उचलला. "सर्वोत्तम जोडी. श्रीयुत डार्सी नित्शके यांचे बॅरन आणि टूट्सी."

टाळ्या पडल्या. डार्सी कोटाची बटणं लावत पायऱ्या चढला. व्हालमायने कप हातात घेतला, पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. ती स्टेजवरून उतरली, सगळ्या हॉलमधून चालत माझ्याकडे आली, टेबलाखालचा पिंजरा उचलला आणि परत वर गेली. लोक अजून टाळ्या वाजवत होते, मग एकेक करून थांबले.

तिने टॉवेल काढला. टूट्सीला हातावर घेतलं.

"टूट्सी ही आहे," ती म्हणाली.

हॉलमध्ये सगळे पक्षी पाळणारे. त्या चोचीकडे एकदा पाहिल्यावर काय झालं ते कोणाला विचारावं लागलं नाही. मग व्हालमायने दोन बोटांनी तिचा डावा पंख अलगद उघडला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. पुढच्या रांगेत म्हातारे हेनिंग बसले होते, मंडळाचे सर्वांत जुने सभासद. ते काठी टेकत उभे राहिले.

"मादीचे पंख कोणी कापले?" त्यांनी विचारलं.

"अध्यक्षांनी," व्हालमाय म्हणाली.

लिंडनर आपल्या बुटांकडे बघायला लागला. परीक्षक कागद हातात घेऊन तसाच उभा. नियमांत ह्यासाठी काही तरतूद नव्हती, नियम डार्सीचे होते.

व्हालमायने टूट्सीला पिंजऱ्यात ठेवलं, दार नीट लावलं. मग तिने कप उचलला आणि नवऱ्यापुढे धरला.

"घे, डार्सी. तुझा आहे."

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. एक पाऊल मागे सरकेल, नको म्हणेल, निदान तिच्या हाताकडे बघेल. दोनशे माणसं त्याची वाट बघत होती. डार्सीने टाय सरळ केली, दोन्ही हात पुढे करून कप घेतला आणि फोटोवाल्याकडे तोंड करून उभा राहिला.